अन्वरच्या नावानं लिहिलेलं पत्र

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — ती नाशिकला, मी इथं सौदीत, राबिघच्या रिफायनरीत. फोनवर जेवणखाण आणि मुलांची फी, त्यापलीकडे बोलणं होतं कुठं?

अन्वर आमच्या स्टोअरमध्ये कामाला होता. रत्नागिरीकडचा, चाळिशीला टेकलेला, बिनलग्नाचा. चौथीत शाळा सुटलेली. मराठी बोलायचा, पण सहीपलीकडे लिहिता-वाचता येत नसे. त्याला एका शिक्षिकेचं स्थळ आलं. तिनं कळवलं, भेटण्याआधी स्वतःबद्दल एक पत्र लिहा. तो माझ्याकडे आला. लाजत तिला लिहायच्या तीनच गोष्टी सांगितल्या — लग्नानंतर तुमची नोकरी सोडू नका; शाळा लांब पडली तर स्कूटी घेईन; मी कमी बोलतो, तो राग समजू नका.

त्या दिवसांत माझ्या मोबाइलवर सव्वाशे वर्षांपूर्वीचं एक विनोदी पुस्तक होतं — सगळी लग्नाळू माणसांची टिंगल. शुक्रवारी जेवताना मेसमध्ये मी ते वाचायचो. लोक हसायचे. एरवी माझ्याशी कोण बोलायचं? त्यातल्याच एका नवरदेवाचं पत्र मी अन्वरच्या नावानं उतरवलं. ‘पत्नीने धोब्याच्या यादीपलीकडे वाचू नये. पती हसल्यावर हसावे, आधी हसू नये.’ अन्वर ड्यूटीवर असताना ते मेसमध्ये वाचलं. पोट धरून हसले सगळे.

आणि मग तोच कागद समोर धरून मी अन्वरला त्याची तीन वाक्यं ‘वाचून’ दाखवली. त्यानं खाली सही केली. नंतर फाडून खरं पत्र देईन, असं मनात होतं. होतं का? अन्वरनं ते सुट्टीवर गावी निघालेल्या एका माणसाच्या बॅगेत टाकलं, आणि मी बघत उभा राहिलो.

महिन्याभरात नकार आला. कारण कुणी सांगितलं नाही.

“साब, मी सांगितलं तेच लिवलात ना?” त्यानं विचारलं.

“तेच,” मी म्हणालो.

आता तो जेद्दाला, बलदच्या जुन्या बाजारात एका कापडाच्या दुकानात असतो. एकटाच. मी गेलो की स्टूल पुसून देतो, चहा मागवतो. मागच्या खेपेला सहज म्हणाला, शिकलेल्या बाईला मी कसा आवडणार होतो, साब, तिचं बरोबरच होतं. मी चहा संपवला.

तिनं नाकारलं ते पत्र माझं होतं. त्याच्यासमोर बसून एवढं सांगणं मी त्याला देणं लागतो. बारा वर्षं झाली. अजून सांगितलेलं नाही.