सुशीलाबाई बनशंकरीला गेल्या नाहीत

कृष्णवेणी चिडकी नर्स म्हणून बदनाम होती. १९५७ साली बेंगळुरातल्या एका सरकारी इस्पितळात, पुरुषांच्या वॉर्डात तिची ड्यूटी असे. परक्या पुरुषांची अंगं पुसते म्हणून घरी थोरला भाऊ दोन वर्षं तिच्या पंगतीला बसला नव्हता. त्याचं तिला फारसं काही वाटत नसे. तिला संताप यायचा तो खोटं बोलावं लागण्याचा. नातेवाइकांनी विचारलं तर "धीर धरा, बरे होतील" एवढंच म्हणायचं, असं ट्रेनिंगमध्ये घोकून घेतलेलं. डॉक्टर खरं सांगत ते घरातल्या कर्त्या पुरुषाला, व्हरांड्यात, हलक्या आवाजात.

बारा नंबरच्या खाटेवर होसकोट्याचे नागोजीराव होते. दोरखंडांचे दुकानदार. यकृत कामातून गेलेलं, पोट पाण्यानं तट्ट फुगलेलं. धाकटा भाऊ गुंडूराव डॉक्टरांशी बोलून आला आणि कृष्णवेणीला बजावून गेला, "वहिनीला कळता कामा नये. अण्णालाही नाही."

कळलं दोघांनाही होतं. गुरुवारी अंग पुसून घेताना नागोजीराव म्हणाले, "सिस्टर, मी काही आता उठत नाही. सुशीलेला बोलू नका. खचेल ती." शुक्रवारी नळावर डबा घासता घासता सुशीलाबाई म्हणाल्या, "अक्का, मला दिसतंय सगळं. यांना कळू देऊ नका हं, हाय खातील."

"सरी, नाही सांगत," कृष्णवेणी दोघांनाही म्हणाली. मग रोज नवराबायको समोरासमोर बसून म्हशीच्या दुधाबद्दल बोलायचे, आणि ती थर्मामीटर असा झटकायची की एक फुटलासुद्धा.

मंगळवारी सकाळी नाडी हाताला लागेना. संध्याकाळ गाठली तरी पुष्कळ, असं डॉक्टर गुंडूरावाला म्हणाले. दुपारी गुंडूराव लिंबांची पिशवी घेऊन आला.

"वहिनी, बनशंकरीला जाऊन या. आज मंगळवार, राहुकाळात लिंबाचे दिवे लावा. अण्णाला गुण येईल."

राहुकाळ तीनपासून साडेचारपर्यंत. देऊळ गावाबाहेर. परत यायला सहा वाजणार. वॉर्डात बाईची रडारड नको, एवढाच त्याचा हिशेब.

"जा, जा," नागोजीराव घाईनं म्हणाले. सुशीलाबाईंनी पिशवी उचलली. नाही म्हटलं असतं तर नवऱ्याला संशय आला असता.

कृष्णवेणीनं हातातला ट्रे स्टुलावर आदळला. "बसा खाली! अण्णा, यांना सगळं ठाऊक आहे. अक्का, यांनाही. पाच दिवस मी दोघांचं झाकत बसलेय. आता जाल, तर प्रसाद आणून द्याल कुणाला?"

गुंडूराव लालबुंद. "तुझी ही हिंमत? मेट्रनकडे जातो मी!"

"जा की. डावीकडे तिसरं दार."

सुशीलाबाई रडतील असं सगळ्यांना वाटलं होतं. त्या नवऱ्यावर उखडल्या. "पाच दिवस माझ्याशी म्हशीचं दूध बोललात?"

"तू तरी काय बोललीस गं?" नागोजीराव हसायला गेले, त्यांना ढास लागली. बायकोनं त्यांचं डोकं मांडीवर घेतलं. कृष्णवेणीनं पडदा ओढला.

पडद्याआडून अधूनमधून ऐकू येत होतं. "आपल्या नीरजेची शाळा सातवीवर थांबवू नकोस. गुंडू स्थळ आणेल. ऐकू नकोस त्याचं." मग, "लोणच्यात मीठ कमी घालतेस तू, कधी बोललो नाही."

साडेचारला ते गेले. गुंडूराव हुंदके देत सगळ्यांना सांगत होता, या नर्सनं माझ्या भावाला मारलं. सुशीलाबाईंनी एकदाच मान वर केली. "भावोजी, गप्प बसा. मला ते काय काय म्हणाले, ते आठवू द्या."

मेट्रननं लेखी माफी मागायला सांगितलं. कृष्णवेणी कोरा कागद पुढं घेऊन बसली. गुंडूरावावरचा राग, डॉक्टरांवरचा राग, सगळा फिरून फिरून तिच्याच अंगावर येत होता. दोघांना मिळाली एक दुपार. बाकीचे दिवस कुणी खाल्ले?

तिनं लिहिलं : गुरुवारीच सांगायला हवं होतं, सांगितलं नाही. त्याबद्दल क्षमस्व.