मालिशवाल्या मावशीची नजर

बाळंतपणानंतर मला सगळ्यात जास्त राग कुणाचा आला असेल, तर मालिशवाल्या मावशीचा. रोज सकाळी ती नंदनवन वस्तीतल्या आमच्या घरी यायची, न्हाणीत पाटावर पाय लांब करून बसायची आणि माझी लेक तिच्या पायांवर पडून गोड हसायची. माझ्याकडे आली की किंचाळायची. दीड महिन्याची पोर, पण माणसं बरोबर ओळखत होती.

मला झोप नव्हती, घास उतरत नव्हता. लेकीला उचललं की हातातून पडेल या धास्तीने लगेच पाळण्यात ठेवायचे. हे मी कुणालाच सांगितलं नाही. सांगितलं ते भलतंच. सासूबाईंना म्हटलं, "मावशीची नजर लागते हो बाळाला." झालं! मीठ-मोहरी ओवाळून झाली आणि मावशीचं येणं बंद. मी मनातल्या मनात पेढे वाटले.

दुसऱ्या दिवशी आंघोळ माझ्यावर आली, कारण सासूबाईंचे गुडघे धरलेले. मी लेकीला पायांवर घेतलं, तांब्या उचलला आणि तशीच बसून राहिले. बादलीतलं पाणी गार झालं. घाबरून सासूबाईंनी मावशीलाच फोन केला.

ती आली, पण आधी बाळ घेतलं नाही. माझा हात धरला. "लेकराले काही नाही झालं वं, तुले झालं आहे. डॉक्टरकडे चाल."

"काहून? बाळंतिणीले होतेच असं," सासूबाई म्हणाल्या. मावशीने ऐकलं नाही.

रामदासपेठेतल्या मनाच्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, सगळ्यात जास्त भीती कशाची वाटते? पोर पडेल याची, मी म्हणाले. आणि मग म्हणाले, ती मावशीलाच आई समजेल याची. गोळ्या सुरू झाल्या, दर आठवड्याला बोलायला जाणंही. मावशी बाहेर बाकावर लेकीला घेऊन बसायची.

महिन्याभराने, लेकीची मालिश चालू असताना, मी कबूल केलं, "मावशी, नजरेचं मीच सांगितलं होतं."

"ठाऊक आहे मले," ती तेल चोळत म्हणाली. "माही पोरगीबी अशीच जळे माह्यावर, तिच्या बाळंतपणात. मी तिची नजरच उतरवत राहिली, डॉक्टरकडे नाही नेलं. सात वर्षं झाली, बोलत नाही माह्याशी."

मला रडू कोसळलं. तिच्यासाठी कोसळलं, हे खरं. पण लेक तेव्हाही मला सोडून तिच्याकडेच बघत होती, म्हणूनही.