भिंतीतला तारपा

जव्हारच्या एका सभागृहात शहरातून आलेल्या चित्रकार बाईंनी गेरूच्या रंगाचा भिंतभर पडदा उभा केला होता. वर कॅमेरा, मागे कॉम्प्युटर. समोर माणूस हलला की पडद्यावर पांढऱ्या रेघांची माणसं हलत आणि तारपा वाजू लागे. माणूस थांबला की तारपाही थांबे. तारपा म्हणजे आमच्याकडचं दुधी भोपळ्याचं लांब वाद्य, फुंकून वाजवायचं. त्या भिंतीतला आवाज माझ्या काकाचा होता.

जामसरजवळच्या आमच्या पाड्यावर, त्याच्या अंगणात बसून मीच ते रेकॉर्डिंग करून दिलं होतं. बाई म्हणाल्या होत्या, "उद्घाटनाला त्यांनाच बोलवू, प्रत्यक्ष वाजवतील."

"नको," मी म्हणालो, "वय झालंय, दम पुरत नाही."

हे खोटं होतं. उद्घाटनाला येणाऱ्या साहेब लोकांसमोर काका मला आमच्या बोलीत हाक मारेल आणि मलाही त्याच बोलीत उत्तर द्यावं लागेल, याची मला भीती वाटत होती. इतकी वर्षं शिक्षकी केली, ती भीती काही गेली नाही. तो माझा काका आहे हेही मी बाईंना सांगितलं नव्हतं.

तरी उद्घाटनाच्या दिवशी तो आला. तारपा फडक्यात गुंडाळून, जीपने. पडद्यासमोर जाऊन उभा राहिला आणि वाट पाहू लागला. आमच्यात तारपेवाला आधी वाजवतो, मग नाचणाऱ्यांचे पाय उठतात. भिंत त्याच्या हलण्यासाठी थांबली होती, आणि तो भिंतीच्या वाजण्यासाठी.

"हला ना बाबा, मग वाजेल," कुणीतरी म्हणालं.

"मंग तारपेवाला कोन, मी का ती भिंत?"

सगळे हसले. मीही हसलो. त्याने हात उचलला तशी भिंत वाजली. तो कान देऊन ऐकत राहिला.

"हा माझाच हाय," तो म्हणाला आणि माझ्याकडे पाहिलं.

"सर, हेच का ते? तुमचे कोण?" बाईंनी विचारलं.

"ओळखीचे आहेत. पाड्यावरचे."

काकाला मराठी चांगली समजते. बाई त्याच्याकडे वळल्या. "तुम्ही सरांना कधीपासून ओळखता?"

"ते गुरुजी हायेत आमचे," तो म्हणाला. आजवर त्याने मला 'काय रं' याखेरीज दुसरी हाक मारली नव्हती.

मग तो निघाला. वाजत्या तारप्याकडे आम्ही पाठ करत नाही, म्हणून उलट्या पावलांनी दाराकडे सरकू लागला. तो हलत होता म्हणून भिंत वाजत होती, आणि भिंत वाजत होती म्हणून त्याला वळता येत नव्हतं. पडद्यावरचा पांढरा माणूसही तसाच मागे मागे सरकत होता. लोकांना ती गंमत वाटली, त्यांनी टाळ्या वाजवल्या. तो खुर्चीला अडखळला. त्याचं काय चाललंय हे त्या खोलीत फक्त मला कळत होतं.

शेवटी मी आमच्या बोलीत, मोठ्याने म्हणालो, "काका, जरा थांब रं."

तो दाराशी थांबला. भिंत गप्प झाली. साहेब, बाई, सगळे माझ्याकडे पाहू लागले. काकाने बगलेतला तारपा सावरला, पाठ फिरवली आणि भिंत पुन्हा वाजायच्या आत बाहेर पडला.

रविवारी मी पाड्यावर गेलो. रेकॉर्डिंगच्या वेळी आम्ही दोघं अंगणात जमिनीवरच बसलो होतो. आज त्याने आतून खाट आणली, तिच्यावर घोंगडी अंथरली.

"बसा, गुरुजी," तो म्हणाला.