सगुणनं खोटी लिहिलेली ओळ

कारापूरचा सगुण माझा जुना विद्यार्थी. जुन्या गेम कन्सोलवर एक ॲप घालून देण्यात त्याचा हातखंडा. हौशी लोकांनी बनवून फुकट वाटलेले खेळ ते ॲप इंटरनेटवरून उतरवून घेतं. पण खेळ कुठून आणायचे आणि कुठल्या फोल्डरमध्ये ठेवायचे, हे त्याला एका लहानशा फाईलमध्ये लिहून द्यावं लागतं. ती फाईल सगुण लिही. सगळा डिचोली तालुका त्याच्याकडे येई.

मग त्याच्या चुलतबहिणीनं, गौरवीनं, वाळपईला याच कामाचं दुकान टाकलं. लोक म्हणू लागले, "चहा निवेपर्यंत करून देते हो!" तेव्हापासून सगुणला चहा गोड लागेना. आपली फाईल तिच्या हाती पडेल या धास्तीनं तो फोल्डरची ओळ मुद्दाम खोटी लिहून ठेवी. गिऱ्हाईक आलं की दुरुस्त करी.

यंदा लईराई देवीच्या जत्रेला तो धोंड, म्हणजे निखाऱ्यांवरून चालणारा भक्त, झाला आणि व्रत धरून देवीच्या शिरगावला राहायला गेला. जाण्याच्या घाईत ओळ तशीच राहिली. जत्रेत खेळांचा स्टॉल लावणारा गोकुळदास आदल्या दिवशी ॲप घालायला दिलेले आपले कन्सोल न्यायला आला, तर एकावरही खेळ उतरेना. सगुणच्या बायकोनं, विमलानं, गौरवीला बोलावलं आणि सगुणला फोन लावला. मी त्याला भेटायला गेलो होतो, शेजारीच बसलो होतो.

"तिला कशाला बोलावलंस?"

"मग काय मी करू? गोकुळदासभाऊ दारात बसून आहेत. जत्रा हुकली तर ते काय करतील?"

फोनमध्ये मागून गौरवी म्हणाली, "दादा, सगळं बघितलं. काय राहिलंय?"

सगुणनं 'मला ठाऊक नाही' एवढं म्हटलं असतं, तर गौरवीची फजिती वाळपईपर्यंत पोचली असती. हातातली धोंडाची वेताची काठी तो मातीत रुतवत राहिला.

"फोल्डरची ओळ बघ," शेवटी तो म्हणाला. "तिथलं नाव खोटं आहे. मीच घातलंय."

"कुणापासून लपवायला रे?"

"तुझ्यापासून."

ती खळखळून हसली. "मागितली असतीस तर माझी फाईल दिली असती. तुझ्यापेक्षा बरी आहे!"

जत्रेत गोकुळदासच्या स्टॉलवर ही गर्दी. येईल त्याला तो सांगे, "वाळपईच्या गौरवीबायनं लावून दिले." सगुण समोरून मान फिरवून गेला.

आठवड्यानं मी सगुणच्या दुकानात डोकावलो. गौरवीनं पाठवलेली फाईल उघडून तो बसला होता.

"बघा सर, बरी काही नाही," तो म्हणाला, आणि तिच्यातली एक ओळ हळूच आपल्या फाईलमध्ये उतरवून घेतली.