मान वळवलेला लावा

या ग्रुपवर लोकांच्या गूढ अनुभवांखाली खोचक कॉमेंट टाकणारा तो मीच... सगळ्यांची आधीच माफी मागतो. आज माझ्यावरच लिहायची वेळ आली आहे.

मी मूळचा पुण्याचा, आता मेलबर्नला ट्रुगानिनात राहतो, आयटीत आहे. माझी बायको मंजिरी क्लेटनच्या युनिमध्ये मेक्सिकोचे जुने नकाशे वाचायची. स्पॅनिश लोक तिथे नुकतेच आले होते, त्या काळात तिथल्याच नाहुआ चित्रकारांनी काढलेले. त्यांत गावाचं नाव चित्रात असतं. डोंगर आणि त्यावर साप, म्हणजे कोआतेपेक... सापाच्या डोंगरावरचं गाव. मला हे सगळं तिनेच शिकवलं, चहा पिता पिता.

तिच्या नकाशातलं एकच गाव वाचायचं राहिलं होतं. डोंगरावर कुठलासा पक्षी होता, पण कागद घडीवर झिजलेला. पाय आणि शेपूट तेवढी शिल्लक. गरुड असेल तर एक गाव, लावा, म्हणजे तो तित्तिरासारखा छोटा पक्षी, असेल तर दुसरंच. आजारपणातही ती त्याच्याच मागे होती. किचनच्या खिडकीला नकाशाची प्रिंट आणि तिच्यावर ट्रेसिंग पेपर चिकटवायची आणि उजेडात पेन्सिलने काढत बसायची. नियम ठरलेला — डोळ्यांनी दिसेल तेवढं पक्क्या रेषेत, अंदाज टिंबांत. तिने टिंबांचा लावा काढला होता, समोर बघणारा.

"करून टाक की पक्का! मेक्सिकोहून कोण येतंय तपासायला?" मी चिडवायचो.

"दिसल्याशिवाय नाही रे. दिसला ना, की लगेच करते."

तो दिसायच्या आतच ती गेली.

तो कागद काढायचा मला धीर झाला नाही. मग एका शनिवारी दुपारी मुलीला, इराला, स्विमिंगहून घेऊन घरी आलो. कुलूप उघडलं, चहा ठेवला, खिडकीकडे बघितलं... आणि तिथेच थांबलो. पक्षी पक्क्या रेषेत होता! सकाळपर्यंत नुसती होती ती टिंबं खाली तशीच, समोर बघणारी. पण रेषेतल्या लाव्याने मान मागे वळवली होती.

"इरा, तू हात लावलास याला?"

"आय डिडन्ट टच इट, बाबा! ते आईचं आहे ना?" तिला रडूच फुटलं.

काही आठवड्यांनी मंजिरीची सहकारी तेरेसा घरी आली. त्याच नकाशाची दुसरी, चांगली राहिलेली प्रत नुकतीच सापडली होती. तिने लॅपटॉपवर दाखवली. डोंगरावर लावाच होता, मान मागे वळवलेला. मी खिडकीकडे बोट केलं.

"व्हेन डिड शी सी धिस?" तेरेसाने हळूच विचारलं.

स्पष्टीकरण माझ्याकडे आजही नाही, आणि खरं सांगू, मी ते शोधणंही सोडलंय. कुणी म्हणेल, दुःखात मीच काढलं असेन आणि विसरलो असेन. तसं असेल तर मंजिरी उत्तर न कळताच गेली. तेवढं मात्र मला सहन होत नाही. म्हणून आयुष्यभर असल्या गोष्टींना हसलेला मी रोज त्या खिडकीपुढे उभा राहतो आणि मनात म्हणतो, ती रेष तिचीच असू दे. दिसल्याशिवाय मंजिरी कुठलीच रेष पक्की करायची नाही.