सरळ केलेला मनोरा

कतारमध्ये, दोह्याच्या एका ऑफिसात मी इमारतींचे नकाशे काढतो. दोन वर्षांपूर्वी आमच्याकडे इंग्लंडमधल्या एका खेड्यातल्या मध्ययुगीन चर्चचं काम आलं. छप्पर गळत होतं, पण इमारत संरक्षित असल्यामुळे तंतोतंत नकाशे दिल्याशिवाय दुरुस्तीची परवानगी मिळणार नव्हती.

तिकडून आलेल्या मापांत मनोरा कललेला होता आणि दोन भिंती काटकोनात मिळत नव्हत्या. मोजणाऱ्याची चूक असणार, असं समजून मी सगळं सरळ केलं आणि स्वतःवरच खूश झालो.

व्हिडिओ कॉलवर चर्चची देखभाल करणाऱ्या बाई नकाशा बघून खळखळून हसल्या. म्हणाल्या, "चर्च छान काढलंत, पण हे आमचं नव्हे! आम्हाला एक दगड हलवायलाही परवानगी लागते, आणि तुम्ही अख्खा मनोरा सरळ केलात!"

मी ओशाळलो. त्यांनी मात्र फोन हातात घेऊन मला चर्चभर फिरवलं. एक भिंत जुन्या गवंड्यांची, दुसरी कित्येक पिढ्यांनंतरची. म्हणून त्या जुळत नव्हत्या. तो वाकडेपणाच जपायचा होता. मी नकाशे पुन्हा, सगळं जसंच्या तसं वाकडं ठेवून काढले.

परवानगी आली तेव्हा आमच्या साहेबांनी "खलास!", म्हणजे अरबीत 'झालं काम', म्हणत सगळ्यांना इकडचा दाट दुधाचा करक चहा पाजला. छप्पर दुरुस्त झाल्यावर बाईंनी आतल्या जुन्या दगडी कमानीचा फोटो पाठवला. तो मी साताऱ्याला वडिलांना पाठवला. त्यांचा जन्म गवंडीकामात गेला. लगेच फोन आला, "कमान लई झ्याक बसवलीया. कोण गवंडी हाय रं?"