वाकून गायलेली सात गाणी

चुलीवर चहा उकळत होता आणि रंजीता गुरनुले सुपात तांदूळ घेऊन दाराशी पाखडत बसली होती. नवरा शेतावर, धानाच्या बांधीतलं पाणी पाहायला गेलेला. लग्नाच्या मांडवांत माइक लावणारा दीर कुलदीप खाटेवर मोबाईल चोळत होता. आज संध्याकाळी वहिनीचा पहिला अल्बम त्याच मोबाईलवरून जगासाठी खुला व्हायचा होता. सात गाणी. कंपनी नाही, मालक नाही. रेकॉर्डिंग झालं ते घरातल्याच धानाच्या खोलीत.

तेवढ्यात फाटकाची कडी वाजली.

बाहेर दादाजी उभे होते, नाटक कंपनीचे मालक. दिवाळीनंतर मंडईच्या, म्हणजे गावजत्रांच्या दिवसांत सावली-ब्रह्मपुरीकडच्या गावागावांत रात्रभर नाटकं रंगतात, त्यांत रंजीता गायची. गायची म्हणजे पडद्यामागे, खुर्चीवर ताठ बसून. पुढे नागपूरची पुनम ओठ हलवायची आणि टाळ्या घेऊन जायची. पुनमच गाते, असंच लोक समजत आले होते. आणि रंजीताही गप्प राहत आली होती.

दादाजींनी बशीत चहा ओतला. "अल्बम काढून राह्यली म्हणते, बाई?"

"आज निघते, भाऊ."

"पाहू तं वरचा फोटो."

कुलदीपने मोबाईल पुढे केला. चिखलात कमरेत वाकलेली बाई, हातात पऱ्ह्याची, धानाच्या रोपांची जुडी. चेहरा दिसतच नव्हता.

"पाठ पाहून कोन गाणं ऐकन?"

"तुमच्या नाटकात तं पाठबी नाई दिसत तिची," कुलदीप म्हणाला.

दादाजींनी ते ऐकलं नाही असं दाखवलं. मग मुद्द्यावर आले. सातांतली तीन गाणी त्यांच्या नाटकांत गाजलेली, पुनमच्या नावावर. "लोकाईले समजलं तं माह्या कंपनीत काय राह्यलं? वरतं पुनमचा फोटो टाक. आत तुह्यं नाव राहू दे, बारीक. नाई तं यंदा मले दुसरी गाणारी पाहा लागन."

रंजीताने सूप बाजूला ठेवलं.

ही गाणी तिच्या आईची, धानाच्या रोवणीची. ती नाटकात आली ती रंजीताच्याच गळ्यातून. रेकॉर्डिंगच्या पहिल्या दिवशी कुलदीपने भिंतींना गाद्या लावल्या होत्या आणि ती सवयीने ताठ उभी राहून गायली होती. सूर कुठे हलला नाही, तरी गाणं मेल्यासारखं वाटलं. कुलदीप खाली मान घालून म्हणाला, "वहिनी, हे तं पुनम गाऊन राह्यली." ते तिला झोंबलं. तिने पदर खोचला, कमरेत वाकली आणि रोवणी करतात तशी एकेक पाऊल मागे सरत गायला लागली. प्रत्येक रोपाला हात खाली जातो, तिथे श्वास तुटतो, आणि ओळही तिथेच तुटते. तिची आई अशीच गायची. कुलदीप माइक हातात घेऊन जमिनीवरून तिच्यामागे सरपटत राहिला. हसू दाबता दाबता त्याची पुरेवाट झाली, पण सातही गाणी तशीच झाली.

"लाव रे एक," रंजीता म्हणाली.

कुलदीपने लावलं. दादाजींनी डोळे मिटले. कान त्यांचा पक्का होता. अर्ध्या कडव्यात त्यांनी डोळे उघडले.

"धाप ऐकू येते."

"येते."

"काढून टाकता नाई येत?"

"येते. पन नाई काढणार. आता सांगा भाऊ, याच्यावर पुनम ओठ हलवन काय? कधी वाकली तं पाहिजे."

गाणं संपेपर्यंत बशीतला चहा निवून गेला. दादाजी उठले, चप्पल घातली आणि फाटकाशी जाऊन थांबले.

"तं फोटो तोच ठेवतं?"

"तोच. अन् नाव मोठं."

"मी दुसरी पाहिली तं?"

"पाहा. गाणं काई तुमच्या पडद्यामागं उगवलं नाई. बांधी हाय ना मले."

त्यांनी कडीला हात लावला, काढला. मग पाठमोरेच म्हणाले, "अन् नाईच पाहिली तं येशीन?"

रंजीताने सूप पुन्हा मांडीवर घेतलं.

"येईन. पन नाटक सुरू व्हाच्या आधी माइकवर सगळ्याईचे नाव घेता ना, त्याच्यात एकडाव माह्यंबी घ्या. गाणारी, रंजीता गुरनुले. बस, एवढंच."